‘सोलापूर’ कोरियनमध्ये लिहिलं तर संगणकात काय साठतं?

कोरियन लिपीत सोलापूर चार चौकटींत मावतं: सोल, ला, पु, रु. संगणकाच्या लेखी त्या चार चौकटी म्हणजे चार आकडे: ४९५५६, ४६९७२, ५४३९२ आणि ४७४७६. गंमत अशी की हे आकडे तक्त्यात शोधावे लागत नाहीत. पाठकोरा कागद घेऊन गुणाकार केला की निघतात, आणि उलट भागाकार केला की आकड्यातून वर्ण परत बाहेर पडतात. देवनागरीत असलं काही होत नाही, होणारही नाही. का, ते पुढे येईलच.

हे सोलापुरात बसून कशाला वाचायचं? अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेल परदेशी जातो. समजा माल कोरियाला निघाला, तर लेबलवर कोरियन मजकूर लागतो. तो तिकडून एक्सेलमध्ये नाहीतर झिपमध्ये येतो आणि डीटीपीवाल्याच्या पडद्यावर कधी चौकोन होऊन उघडतो, कधी नुसता कचरा, कधी सुटी सुटी व्यंजनं. मग कुणीतरी म्हणतं, ‘फॉन्ट टाक की.’ चौकोन दिसत असतील तर फॉन्टनं काम भागतं. बाकी दोन्ही वेळा दुखणं साठवणीत असतं, आणि दहा फॉन्ट टाकले तरी जात नाही.

एक सूचना आधीच. या लेखात कोरियन आकार मुद्दाम घातलेले नाहीत, सगळं देवनागरीत आणि आकड्यांत आहे. आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीचे आहेत. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांना आकडे देणाऱ्या मानकाच्या, तक्त्यांत ते सोळाच्या पायावर छापतात, म्हणजे आपला ४४०३२ तिथे ‘एसी००’ असा दिसेल.

मराठी व्याकरणात वर्ण वेगळा आणि अक्षर वेगळं. ‘सो’ हे एक अक्षर, त्यात स् आणि ओ हे दोन वर्ण. कोरियनची हांगुल लिपी समजायला हा भेद अगदी नेमका उपयोगी पडतो. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये ही लिपी तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. तिच्यात वर्ण सुटे आहेत, पण लिहिताना ओळीत न मांडता एका चौकटीत रचतात. चौकटीचे भाग तीन: आद्य व्यंजन, मधला स्वर आणि असलंच तर खालचं व्यंजन. या खालच्या व्यंजनाला कोरियनमध्ये ‘बात्छिम’ म्हणतात. शब्दाचा अर्थ आधार, टेकू. आपणही त्याला टेकूच म्हणू.

आजच्या कोरियनमध्ये आद्य व्यंजनं १९, स्वर २१ आणि टेकू २७. टेकू नसणं हाही एक पर्याय, म्हणून २८. टेकूशिवायची अक्षरं १९ गुणिले २१, म्हणजे ३९९. ही झाली कोरियन बाराखडी. तिला २८ नं गुणलं की ११,१७२. आधुनिक कोरियनमध्ये चौकटीत रचता येणारी अक्षरं एवढीच, एक जास्त नाही. त्यातली कित्येक कुठल्याही शब्दात येत नाहीत, तरी युनिकोडनं सगळ्यांना जागा दिली आहे: ४४०३२ पासून ५५२०३ पर्यंत, सलग, मध्ये एकही भोक न ठेवता.

ही सलगताच कामाची. वर्णांना शून्यापासून क्रमांक द्यायचे. आद्य व्यंजनांत ग शून्य, दुहेरी ग १, न २, द ३, दुहेरी द ४, र ५, असं करत ह १८. स्वरांत आ शून्य, ओ ८, उ १३ आणि ओठ न गोलवता म्हटलेला ‘उ’ १८. टेकूंत ‘काही नाही’ म्हणजे शून्य, न ४, र ८, म १६. मग:

कोड = ४४०३२ + (आद्य × ५८८) + (स्वर × २८) + टेकू

५८८ कुठून आला? २१ गुणिले २८. एका आद्य व्यंजनाची एवढी अक्षरं होतात.

आता ‘सोल’ घेऊ. स चा क्रमांक ९, म्हणून ५,२९२. ओ चा ८, म्हणून २२४. टेकू र चा ८. बेरीज ५,५२४, त्यात ४४०३२ मिळवले की ४९५५६. उलटं करायचं तर ४९५५६ मधून ४४०३२ वजा करा, ५,५२४ उरतात. ५८८ नं भागा: भाग ९, बाकी २३२. बाकीला २८ नं भागा: भाग ८, बाकी ८. स, ओ, र. पत्ता सापडला.

‘सोल’च्या टेकूला र कसा, असं विचाराल. कोरियनमध्ये र आणि ल साठी एकच वर्ण आहे. दोन स्वरांच्या मध्ये तो एकटा आला की र सारखा वाजतो, टेकूत ल सारखा. म्हणून सोलापूरमधला ल टिकवायचा तर तो वर्ण दोनदा लिहावा लागतो, एकदा ‘सोल’च्या खाली आणि एकदा पुढच्या चौकटीच्या डोक्यावर. एकदाच लिहिला तर सोरापूर होईल. शेवटचा र उघडा ठेवता येत नाही, टेकूत टाकला तर पुन्हा ल वाजेल. म्हणून त्याला तो न गोलवलेला उ लावून ‘रु’ करायचं.

स्वरानं सुरू होणारं अक्षर असेल तर आद्य व्यंजनाच्या जागी एक पोकळ गोल बसतो, क्रमांक ११. त्याला आवाज नाही, तो नुसता स्वराचं ओझं वाहतो. सावरकरांच्या लिपिसुधारणेतली अ ची बाराखडी आठवा: अि, अी, अु, अू. तीच कल्पना, फक्त इथे लिपीच्या जन्मापासून. हाच गोल टेकूत आला की मात्र ङ होतो, तिथे त्याचा क्रमांक २१.

आधी सगळं असं सुरळीत नव्हतं

दक्षिण कोरियाचं १९८७ सालचं मानक, केएस सी ५६०१, ९४ ओळी आणि ९४ रकान्यांच्या तक्त्यावर उभं होतं. त्यात हांगुल अक्षरांना १६ ते ४० या पंचवीस ओळी मिळाल्या. पंचवीस गुणिले ९४, म्हणजे २,३५०. बाकीची जागा बरीचशी चिनी अक्षरांनी घेतली, ४,८८८ घरं. ११,१७२ पैकी २,३५० च आत आणि ८,८२२ बाहेर. आत घेतलेली अक्षरं नेहमीच्या वापराची होती, त्यामुळे रोजचं काम भागायचं. पण भाषा काही तक्ता बघून बोलत नाही. थायलंडचं तोम याम सूप कोरियनमध्ये ज्या ‘त्तोम’ अक्षरानं लिहितात, ते या २,३५० मध्ये नाही.

याला पर्याय होता. १६ बिटांचे (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) तुकडे करायचे: पहिला बिट खुणेचा, मग पाच बिट आद्य व्यंजनाला, पाच स्वराला, पाच टेकूला. पाच बिटांत ३२ मूल्यं मावतात, २८ टेकूंना तेवढी पुरतात. याला ‘जोहाब’, म्हणजे जोडणीची पद्धत म्हणत. मला विचाराल तर लिपीच्या स्वभावाला हीच जवळची. १९९२ मध्ये मानकाच्या पुरवणीत तिला जागाही मिळाली. पण तोवर तयार अक्षरांची पद्धत रुळली होती, आणि रुळलेलं मानक हटवणं म्हणजे गड्डा यात्रेच्या गर्दीत उलट्या दिशेनं चालणं.

मग मायक्रोसॉफ्टनं कोडपेज ९४९ या आपल्या कोरियन तक्त्यामध्ये राहिलेली ८,८२२ अक्षरं जुन्या तक्त्याच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागांत कोंबली. जुन्या फायली चालू राहिल्या, नवी अक्षरंही आली, पण दोन गोष्टी बिघडल्या. पहिली, क्रम. २,३५० अक्षरं आपसात कोशाच्या क्रमानं, नवी ८,८२२ बाहेर वेगळीकडे. बाइटवरून (बाइट म्हणजे आठ बिट) यादी लावली तर ‘त्तोम’ आपल्या भावंडांत न बसता यादीच्या डोक्यावर जाऊन बसतं. दुसरी बाब जास्त वाईट. जुन्या पद्धतीत हांगुल अक्षराचे दोन्ही बाइट १६१ किंवा त्याच्या वर असत: पहिलं अक्षर १७६ आणि १६१, शेवटचं २०० आणि २५४. नव्या अक्षरांत दुसरा बाइट इंग्रजी वर्णाचाही असू शकतो. ‘त्तोम’चे बाइट १४० आणि ९९ आहेत, आणि ९९ म्हणजे लहान लिपीतला ‘सी’. एखाद्या भोळ्या प्रोग्रॅमनं फायलीतले लहान इंग्रजी वर्ण सरसकट मोठे केले की सुपाचं नाव बदललंच.

युनिकोडचाही पहिला घास घशात अडकला. पहिल्या आवृत्तीत तेच २,३५०, १.१ मध्ये भर घालून ६,६५६, पण तीन हप्त्यांत आल्यामुळे क्रम विस्कटलेला. शेवटी १९९६ च्या २.० आवृत्तीत सगळी अक्षरं जुन्या जागेवरून उचलली आणि आजच्या जागी सलग मांडली. जुन्या जागेत पुढे चिनी अक्षरं आली, म्हणजे तेव्हाची फाईल आज उघडली तर कोरियनच्या जागी चिनी दिसेल. ही उचलाउचल इतकी महागात पडली की त्यानंतर युनिकोडनं नियमच केला: एकदा दिलेली जागा कुठल्याही अक्षराची पुन्हा बदलायची नाही. आपल्या देवनागरीची घरंही याच नियमाखाली सुरक्षित आहेत.

कोरियाला ११,१७२ घरं आणि देवनागरीच्या मुख्य तक्त्याला १२८, हा काय न्याय, अशी तक्रार अधूनमधून कानावर येते. ती चुकीच्या दारात आहे. कोरियन चौकट बंद आहे: एक, एक आणि फार तर आणखी एक. आपली जोडाक्षरं उघडी आहेत. ‘कार्त्स्न्य’मध्ये एका श्वासात पाच व्यंजनं येतात. ३४ व्यंजनांतून तीन-तीन जोडायची म्हटली तरी ३९,३०४ होतात, त्याला बारा स्वर लावले की ४,७१,६४८. तेव्हा युनिकोडच्या मूळ तक्त्यात एकूण घरंच होती ६५,५३६. आपल्याला सुटे वर्ण देऊन रचना फॉन्टवर सोपवली, ते योग्यच झालं. कन्ना चौकातल्या पाट्यांवरची तेलुगू आणि बाजारातली कन्नडही याच पद्धतीनं साठते.

एका अक्षराचे तीन अवतार

कोरियनची खरी डोकेदुखी इथून सुरू होते. युनिकोडमध्ये तयार अक्षरं आहेत तसे सुटे वर्णही आहेत, त्यांना ‘जामो’ म्हणतात. आणि जामो दोन जातींचे आहेत.

पहिली जात जोडणारी. तिच्यात आद्य न वेगळा आणि टेकूतला न वेगळा, कारण जागेवरूनच चौकट कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे कळतं. आधुनिक आद्य व्यंजनं ४३५२ ते ४३७०, स्वर ४४४९ ते ४४६९, टेकू ४५२० ते ४५४६. ‘हान’ हे अक्षर तयार रूपात ५४६२०. सुटं केलं तर ४३७०, ४४४९, ४५२३. पडद्यावर दोन्ही एकसारखीच दिसतात, निदान दिसायला हवीत. युनिकोडच्या नियमानं ती समानच आहेत. जोडलेल्या रूपाला एनएफसी म्हणतात, फोडलेल्याला एनएफडी, आणि एकातून दुसऱ्यात जायला वरचंच गणित लागतं.

दुसरी जात नुसती दाखवायची. १२५९३ पासून पुढे ५१ वर्ण. हे एकेकटे उभे राहतात, चौकटीत जुळत नाहीत. आद्य आणि टेकू असा भेदही त्यांच्यात नाही. कोरियन पोरं हसू आलं की ख ख ख असं टाइप करतात, ते हेच वर्ण.

मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टीममध्ये फायलींची नावं फोडलेल्या रूपात साठत. नवी एपीएफएस मिळालं तसं नाव ठेवते, पण जुन्या डिस्कवरून आणि झिपमधून फोडलेली नावं अजूनही येतात. विंडोज आणि लिनक्स नावाला हात लावत नाहीत, आलं तसं ठेवतात. मग विंडोजवर त्या फोल्डरमध्ये नाव सुट्या व्यंजनांत पसरलेलं दिसतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे व्यवस्थित दिसतं पण शोधल्यावर सापडत नाही. एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसल्या तर हेच कारण. उपाय एकच: मजकूर आत येतो त्या दारातच एनएफसी करून घ्यायचा. लांबी मोजण्याआधी, पासवर्डचा हॅश काढण्याआधी, डेटाबेसमध्ये ‘हे नाव आधीच आहे का’ हे तपासण्याआधी. पायथॉनमध्ये ‘युनिकोडडेटा’ मॉड्यूलचं ‘नॉर्मलाइझ’, जावास्क्रिप्टमध्ये स्ट्रिंगवरचंच ‘नॉर्मलाइझ’ हे काम करतं.

पण एनएफकेसी या तिसऱ्या प्रकाराच्या नादी लागू नका. त्यात दाखवायचे वर्ण जोडणारे होतात, आणि साधं एकेरी व्यंजन नेहमी आद्यच धरलं जातं. ह, आ, न हे तीन सुटे वर्ण दिले तर ‘हान’ येत नाही. ‘हा’ येतो आणि पुढे एक पोरका आद्य न लटकतो. हसण्याचे तीन ख तर तीन आद्य व्यंजनं होऊन एकमेकांना चिकटतात आणि कर्सर त्या तिघांना मिळून एकच अक्षर समजतो. बॅकस्पेस एकदा दाबला की कुठल्या कुठल्या एडिटरमध्ये सगळं हसू गायब.

मराठीतही याची एक भावकी आहे. ‘तऱ्हा’तला ऱ् दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. दिसायला जुळी भावंडं. पण कोरियनसारखी ती युनिकोडच्या नियमानं समान नाहीत, त्यामुळे एनएफसी कितीही वेळा चालवलं तरी दोन ‘तऱ्हा’ दोनच राहतात. तिथे स्वतःचा नियम लिहावा लागतो. त्या मानानं कोरियन लोक सुखी.

टाइप करतानाची एक गोष्ट बघण्यासारखी आहे. प्रचलित कीबोर्डवर व्यंजनं डाव्या हाताला, स्वर उजव्या हाताला, आणि आद्य व टेकूसाठी एकच कळ. ‘हाना’ टाइप करा. ह, आ दाबल्यावर पडद्यावर ‘हा’ येतं, कोड ५४६१६. न दाबला की तो टेकूत जाऊन ‘हान’ होतं, ५४६२०. पुढचा आ दाबताच तो न टेकूतून उडी मारून पुढच्या चौकटीत जातो: ‘हा’ आणि ‘ना’, ५४६१६ आणि ४५२०८. या उडीला कोरियनमध्ये ‘दोक्केबीबुल’ म्हणतात, भुताचा जाळ. म्हणून प्रत्येक कळीला मजकूर वाचणारा शोधपट्टीचा कोड कोरियनमध्ये भलतंच शोधत बसतो. रचना चालू आहे तोवर थांबायचं, ‘कंपोझिशन एंड’ ही घटना आल्यावर शोधायचं. डोळ्यांचे डॉक्टर गोंग ब्योंग-वू यांनी टंकलेखन यंत्रासाठी आद्य, स्वर आणि टेकू यांच्या वेगळ्या कळा केल्या होत्या. त्या मांडणीत हे भूत निघतच नाही, पण कळा जास्त लागतात, आणि सरकारी मानक व्यंजनं आणि स्वर अशा दोन संचांचंच राहिलं.

टॉवेलनं, टॉवेलला

भागाकाराची बाकी सगळ्यात जास्त कामाला येते ती प्रत्ययांत. कोरियनमध्ये शब्द टेकूवर संपतो की स्वरावर, यावरून पुढचा प्रत्यय बदलतो. कर्माचा प्रत्यय टेकू असेल तर ‘उल’, नसेल तर ‘रुल’. ‘तावोल’, म्हणजे टॉवेल. शेवटचं अक्षर ‘वोल’, कोड ५०९००. वजा ४४०३२ म्हणजे ६,८६८. २८ नं भागलं की बाकी ८. शून्य नाही, म्हणजे टेकू आहे, ‘उल’ लावा. सोलापूरचं शेवटचं ‘रु’, ४७४७६: वजाबाकी ३,४४४, आणि २८ गुणिले १२३ बरोब्बर ३,४४४. बाकी शून्य, ‘रुल’ लावा.

फसगत ‘ने, कडे’ अर्थाच्या प्रत्ययात होते. टेकू असेल तर ‘उरो’, नसेल तर ‘रो’. पण टेकू र असेल तर मात्र ‘रो’. म्हणून बाकी ८ आली की अपवाद धरायचा: ‘तावोल-रो’. हा अपवाद न घातलेले संदेश कोरियन माणसाला लगेच खटकतात. शब्द आकड्यावर संपत असेल तर गणित चालतच नाही, उच्चार बघावा लागतो: ३ चा उच्चार ‘साम’, टेकू आहे, २ चा ‘इ’, टेकू नाही. शून्य ते नऊचा दहा ओळींचा तक्ता हातानं लिहायचा. इंग्रजी नावावर शब्द संपला तर कोरियन प्रोग्रॅमरही हात टेकतात आणि दोन्ही प्रत्यय कंसात देऊन मोकळे होतात.

आपल्याकडे हे बाकीनं सुटलं असतं तर काय पाहिजे होतं! सोलापूर पण सोलापुरात, दीर्घ ऊ ऱ्हस्व. असल्या सामान्यरूपाला भागाकार पुरत नाही.

आद्य व्यंजनांवरून शोधणंही याच गणितातलं. कोरियन फोनमध्ये नुसते स, र, प, र दाबले की सोलापूर समोर येतं. प्रत्येक अक्षरातून ४४०३२ वजा करून ५८८ नं भागायचं, भाग जुळवायचा. मात्र वापरणारा जे दाबतो ते दाखवायचे वर्ण असतात; त्यातला स १२६१३ वर आहे. त्या यादीत टेकूची जोडव्यंजनं मध्ये मध्ये घुसलेली आहेत, त्यामुळे सरळ वजाबाकी करून क्रमांक मिळत नाही. १९ ओळींचा तक्ता लागतोच.

लेबल छापायच्या आधी

यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे आकडे बाइटमध्ये साठवायच्या रूढ पद्धतीत, प्रत्येक तयार कोरियन अक्षर तीन बाइटचं. ‘सोल’ म्हणजे २३६, १३४, १४८. पहिला बाइट नेहमी २३४ ते २३७ मध्येच असतो. फाईल हेक्स व्ह्यूअरमध्ये (फायलीतले बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडली आणि दर तीन बाइटनंतर या चारपैकी एक दिसला तर यूटीएफ-८ समजा. दोन-दोनच्या जोड्या आणि पहिला बाइट बहुतेक वेळा १७६ ते २०० मध्ये, तर जुनं कोरियन एन्कोडिंग.

एक्सेलला सीएसव्ही दुहेरी क्लिकनं उघडू नका. फायलीच्या सुरुवातीला २३९, १८७, १९१ ही खूण नसेल तर एक्सेल आपल्या विंडोजचं कोडपेज धरून उघडतं आणि मजकूर कचरा दिसतो. तो तसाच सेव्ह केला तर मूळ परत मिळत नाही. डेटा मेनूतून मजकूर आयात करा आणि एन्कोडिंग विचारल्यावर ६५००१ निवडा, म्हणजे यूटीएफ-८. तरी कचराच आला तर ९४९.

रकान्याची लांबी बाइटमध्ये असेल तर सांभाळा. २० बाइटमध्ये सहा अक्षरं पूर्ण बसतात आणि सातव्याचे दोन बाइट उरतात, तिथे प्रश्नचिन्हाचा हिरा येतो. तो निदान दिसतो तरी. फोडलेल्या रूपात मजकूर कापला गेला तर ‘हान’चा टेकू जातो आणि शुद्ध, देखणं ‘हा’ उरतं. कुठेही चूक दिसत नाही, लेबल छापून होतं, आणि अर्थ बदललेला असतो.

फॉन्टचं म्हणाल, तर शोभेच्या कोरियन फॉन्टांत अजूनही फक्त ती २,३५० अक्षरं असलेले भरपूर आहेत. त्याबाहेरचं अक्षर आलं की संगणक गुपचूप दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो आणि ओळीत एकच अक्षर जाड किंवा बुटकं दिसतं. आपल्याला ती भाषा येत नसली तरी हे डोळ्याला कळतं. पीडीएफ दोनशे टक्के मोठी करून ओळीवरून नजर फिरवायची. ओळ कुठे तोडायची याचंही बघावं. कोरियनमध्ये शब्दांत जागा सोडतात, पण सॉफ्टवेअर बहुधा कुठल्याही दोन अक्षरांमध्ये ओळ मोडतं. लेबलच्या चिंचोळ्या पट्टीत ते वाईट दिसतं. वेबपानावर ‘वर्ड-ब्रेक’ला ‘कीप-ऑल’ दिलं की शब्द अखंड राहतात. डीटीपीत हातानं बघायचं.

आणि आलेला मजकूर नक्की कुठल्या रूपात आहे हे कळत नसेल, तर त्यातला सोलापूर शब्द घेऊन प्रोग्रॅमला नुसती लांबी विचारा. ४ आली तर तयार अक्षरं आहेत, पुढे जा. १२ आली तर तीच अक्षरं, पण मोजणी यूटीएफ-८ च्या बाइटची चालली आहे. ८ म्हणजे कोडपेज ९४९ चे बाइट. २७ म्हणजे फोडलेलं रूप, तेही बाइटमध्ये मोजलेलं. कधी सुटे दाखवायचे वर्णही एवढेच भरतात. ९ आली तर पहिला कोड बघा. तो ४३६१ असेल तर जोडणारे जामो आहेत, एनएफसी चालवलं की ४ होतील. १२६१३ असेल तर कुणीतरी वर्ण सुटे सुटे टाइप केलेत. ते एनएफसीनं जुळणार नाहीत, ग्राहकाकडून मजकूर नव्यानं मागवा.